कृमीच्या चेतासंदेशात तंतुकणिकांचा वाटा : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

आजपासून या वहीत प्रकल्पाच्या नोंदी नियमितपणे ठेवायच्या आहेत. प्रश्न असा आहे : पेशीतील तंतुकणिकांचे, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांचे, चयापचय बदलले की चेतापेशींमधील रासायनिक संदेशवहन नेमके कोणत्या पायरीवर बदलते? या प्रश्नाचे तयार उत्तर सर्वांना ठाऊक असते. तंतुकणिका मंदावल्या की एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, कमी पडतो आणि एटीपी कमी पडला की सिनॅप्स, म्हणजे चेतापेशीचा पुढच्या पेशीशी असलेला सांधा, थकतो. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते इतके सर्वसमावेशक आहे की त्याने कोणतीच पायरी वेगळी काढता येत नाही. म्हणून प्रत्येक निष्कर्षापुढे एकच प्रश्न विचारायचा असे ठरवले आहे : हा परिणाम ऊर्जेचा आहे, कच्च्या मालाचा आहे, कॅल्शियमच्या आवराआवरीचा आहे, की तंतुकणिकेतून निघालेल्या एखाद्या रासायनिक खुणेचा आहे?

प्राणी म्हणून सी. एलेगन्स हा सूक्ष्म गोलकृमी निवडण्याची कारणे जुनी आणि भक्कम आहेत. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये या कृमीच्या जनुकशास्त्राचा पाया घालणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रौढ उभयलिंगी कृमीत ३०२ चेतापेशी असतात आणि त्यांच्या जोडण्यांचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर आधारलेला आराखडा १९८६ पासून उपलब्ध आहे. शरीर पारदर्शक असल्यामुळे जिवंत प्राण्याच्या एकाच अक्षतंतूतील तंतुकणिका मोजता येतात. शिवाय सिनॅप्स जवळजवळ बंद पडला तरी हा प्राणी प्रयोगशाळेत जगतो, कारण अन्न त्याच्या तोंडाशीच पसरलेले असते आणि पुनरुत्पादनासाठी त्याला जोडीदाराची गरज नसते. संदेशवहनात गंभीर दोष असलेले वाण पिढ्यानपिढ्या सांभाळता येतात, ही सोय फार थोड्या प्राण्यांत मिळते.

९ जानेवारी

सिनॅप्समध्ये ऊर्जा कुठे खर्च होते याची यादी मनाशी नीट मांडल्याशिवाय पुढचे प्रयोग आखता येणार नाहीत. न्यूरोट्रान्समीटर (संदेशवाहक रसायन) साठवणाऱ्या सूक्ष्म पिशवीच्या, म्हणजे पुटिकेच्या, पटलावरील प्रोटॉन पंप एटीपी खर्चून पुटिकेचा अंतर्भाग आम्लधर्मी करतो आणि त्या प्रोटॉनांच्या उताराच्या बळावरच न्यूरोट्रान्समीटर आत भरला जातो. ॲसिटिलकोलिन हा उत्तेजक न्यूरोट्रान्समीटर वाहून नेणारे यूएनसी-१७ हे प्रथिन असेच चालते : दोन प्रोटॉन बाहेर जातात तेव्हा ॲसिटिलकोलिनचा एक रेणू आत येतो. पुटिका पटलाशी एकजीव झाल्यानंतर एकमेकांत गुंतलेली प्रथिने सोडवण्यासाठी एनएसएफ हे विकर एटीपी वापरते. पटल परत आत ओढून घेताना डायनॅमिन जीटीपी वापरते. सोडियम-पोटॅशियम पंप आणि कॅल्शियम पंप तर अखंड चालूच असतात. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की पुटिका फुटण्याचा क्षण स्वतः फारसा खर्चिक नसून त्याच्या आधीची भरणी आणि नंतरची उचल या दोन पायऱ्या खर्चिक आहेत. त्यामुळे ऊर्जेची तूट निव्वळ ‘कमी उत्सर्जन’ अशी न दिसता ‘सुरुवातीला ठीक, सतत काम पडले की घसरण’ अशी दिसायला हवी. हे अनुमान पुढे अनेकदा उपयोगी पडेल.

कच्च्या मालाची बाजू वेगळी आहे. ॲसिटिलकोलिन तयार होते ते कोलिन आणि ॲसिटिल-कोए यांपासून. हे ॲसिटिल-कोए प्रामुख्याने तंतुकणिकेत पायरुव्हेटपासून तयार होते आणि सायट्रेटच्या रूपाने बाहेर येते. ग्लुटामेट हा क्रेब्ज चक्रातील अल्फा-कीटोग्लुटारेटचा शेजारी आहे, आणि गाबा हा दमनकारी न्यूरोट्रान्समीटर ग्लुटामेटपासून एका पायरीवर, यूएनसी-२५ या विकराच्या मदतीने तयार होतो. गाबाचे विघटन पुन्हा तंतुकणिकेतच होते. जीटीए-१ हे विकर त्याचा अमिनो गट काढून घेते आणि उरलेला सांगाडा सक्सिनेटच्या रूपाने चक्रात परत जातो. म्हणजे तंतुकणिका एकाच वेळी उत्तेजक न्यूरोट्रान्समीटरच्या कच्च्या मालाचे कोठार आणि दमनकारी न्यूरोट्रान्समीटरच्या विल्हेवाटीची जागा आहे. चयापचयातील एकाच बदलाने हे दोन्ही संदेश विरुद्ध दिशांना हलू शकतात, हा मला या सर्व विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो.

१५ जानेवारी

मुख्य चाचणी आल्डिकार्बची असेल. आल्डिकार्ब ॲसिटिलकोलिनचे विघटन करणाऱ्या विकराला रोखते. सिनॅप्समधून सुटलेले ॲसिटिलकोलिन साचत जाते, शरीराचे स्नायू आकुंचन पावून ताठरतात आणि कृमी निश्चल होतो. ज्या वाणात उत्सर्जन कमी असते तो उशिरा निश्चल होतो, ज्यात ते जास्त असते तो लवकर. परंतु लवकर निश्चल होण्याचे दुसरेही कारण असते. गाबाचा प्रतिरोध नाहीसा झाला तरी स्नायू तितक्याच लवकर ताठरतात. यूएनसी-२५ हे जनुक निकामी असलेले कृमी म्हणूनच आल्डिकार्बला अतिसंवेदनशील असतात. एका आकड्यात उत्तेजन आणि दमन या दोहोंची वजाबाकी दडलेली असल्यामुळे या चाचणीवर एकट्याने विसंबता येत नाही.

आल्डिकार्ब हे माणसालाही अत्यंत विषारी असलेले कार्बामेट कीटकनाशक आहे. द्रावण बनवणे आणि प्लेट ओतणे ही दोन्ही कामे हातमोजे घालून धुराड्याच्या कपाटातच होतील, आणि वापरलेल्या प्लेट वेगळ्या डब्यात जमा होतील. प्रयोगशाळेतील नव्या विद्यार्थ्यांसाठी ही सूचना भिंतीवर लावली आहे.

२२ जानेवारी

तुलनेचे वाण प्रथम तपासले. नेहमीचा एन२ हा वन्य वाण, पुटिका उत्सर्जनासाठी सज्ज करणारे प्रथिन नसलेला यूएनसी-१३ आणि गाबा नसलेला यूएनसी-२५. एन२ निश्चल झाला तेव्हाही यूएनसी-१३ टोचल्यावर डोके हलवत होता, तर यूएनसी-२५ त्याच्या कितीतरी आधी ताठरला होता. चाचणी दोन्ही टोकांना नीट बोलते. मोजणारा एक आणि प्लेटवर सांकेतिक अक्षरे लिहिणारा दुसरा, ही पद्धत यापुढे कायम राहील.

२९ जानेवारी

तंतुकणिकांचे उत्परिवर्ती वाण आले. जीएएस-१ या वाणात श्वसनसाखळीच्या, म्हणजे तंतुकणिकेत एटीपी बनवण्यासाठी बळ पुरवणाऱ्या प्रथिनसंकुलांच्या मालिकेच्या, पहिल्या संकुलातील एक घटक सदोष आहे. भूल देणाऱ्या वायूंना हा वाण अतिसंवेदनशील असतो, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून तंतुकणिका आणि सिनॅप्स यांचे नाते शोधणाऱ्यांसाठी तो महत्त्वाचा ठरला. एमईव्ही-१ मध्ये दुसऱ्या संकुलाचा आणि आयएसपी-१ मध्ये तिसऱ्या संकुलाचा दोष आहे. गंमत म्हणण्यापेक्षा खोल विचार करायला लावणारी गोष्ट अशी की आयएसपी-१ दीर्घायुषी आहे आणि एमईव्ही-१ अल्पायुषी. श्वसनसाखळीतील दोष म्हणजे एकाच प्रकारची कमतरता, ही कल्पना येथेच गळून पडते.

यांची वाढ एन२ पेक्षा सावकाश होते. अंड्यापासून मोजलेले तास सारखे ठेवले तर एका बाजूला प्रौढ आणि दुसऱ्या बाजूला अळी अशी तुलना होईल. म्हणून वय तासांवर न ठरवता शरीराच्या अवस्थेवर ठरवले आहे : चौथ्या अळी अवस्थेत योनिमुखाच्या जागी दिसणारी पांढरी चंद्रकोर पाहून कृमी वेगळे काढायचे आणि दुसऱ्या दिवशी चाचणी घ्यायची. वयाची एकसमानता साधण्यासाठी अंडी ब्लीचने धुऊन पहिल्या अवस्थेतील अळ्या उपाशी थांबवण्याची रूढ पद्धत मी टाळणार आहे. चयापचयाचाच अभ्यास करायचा असताना आयुष्याच्या पहिल्याच दिवशी उपासमार घडवणे मला पटत नाही. त्याऐवजी प्रौढ कृमींना ठरावीक काळ अंडी घालू देऊन त्यांना उचलून टाकायचे.

५ फेब्रुवारी

जीएएस-१ औषधाविना, साध्या प्लेटवरही मंद असतो. त्यामुळे ‘हालचाल थांबली’ हा निकष त्याच्यासाठी निरुपयोगी आहे. टोचल्यावर शरीराचा कोणताही भाग हलला नाही तरच निश्चल, असा कडक निकष सर्व वाणांना लागू केला. यामुळेही मूळ अडचण पूर्ण सुटत नाही, कारण उत्परिवर्तन प्रत्येक पेशीत आहे आणि स्नायूंनाही तंतुकणिका लागतात. आल्डिकार्बने दिसलेला बदल चेतापेशीतला की स्नायूतला हे वेगळे करण्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग लेव्हामिसोलचा : हे औषध स्नायूवरील ॲसिटिलकोलिन ग्राहकाला (ॲसिटिलकोलिन पकडणाऱ्या प्रथिनाला) थेट उत्तेजित करते, त्यात चेतापेशीचा संबंध येत नाही. दुसरा मार्ग अधिक खात्रीचा आहे. निरोगी जनुकाची प्रत एका वेळी एकाच ऊतीत परत द्यायची : यूएनसी-१७ च्या प्रवर्तकाने (जनुक कोणत्या पेशीत चालू व्हायचे ते ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याने) ॲसिटिलकोलिनच्या चेतापेशींत, यूएनसी-४७ च्या प्रवर्तकाने गाबाच्या चेतापेशींत, एमवायओ-३ च्या प्रवर्तकाने शरीराच्या स्नायूंत आणि जीईएस-१ च्या प्रवर्तकाने आतड्यात. आतड्याची प्रत अनेकांना अनावश्यक वाटेल, पण ती मला हवीच आहे. त्याचे कारण पुढच्या नोंदीत येईल.

१० फेब्रुवारी

तंतुकणिकेतील ताण एका ऊतीतून दुसऱ्या ऊतीला कळतो, हे या कृमीतच सर्वांत स्पष्टपणे दिसले आहे. चेतापेशींत श्वसनसाखळीच्या चौथ्या संकुलाचा घटक कमी केला तर आतड्यातील पेशी तंतुकणिकांच्या प्रथिनांची दुरुस्ती करणारी जनुके चालू करतात, असे २०११ मध्ये दाखवले गेले. पुढे २०१६ मध्ये या निरोपासाठी सेरोटोनिन लागते हेही समोर आले. म्हणजे बाण दोन्ही बाजूंना आहे. न्यूरोट्रान्समीटरवर तंतुकणिका परिणाम करतात आणि तंतुकणिकांची खबर शरीरभर नेण्याचे काम न्यूरोट्रान्समीटर करतात. आतड्याकडून चेतापेशींकडे येणारा उलटा निरोप असेल, तर केवळ चेतापेशींत प्रत देऊन तो सापडणार नाही.

१९ फेब्रुवारी

आज खाद्याचा प्रश्न निकाली काढला, आणि त्यावर विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. आमचे वाण नेहमी ओपी५० या ई. कोलायवर वाढतात. आरएनएआयसाठी, म्हणजे दुपदरी आरएनए देऊन एखादे जनुक मंदावण्यासाठी, मात्र जीवाणूनेच दुपदरी आरएनए तयार करून खाऊ घालायचा असतो आणि त्यासाठी एचटी११५ हा वेगळा वाण वापरला जातो. कृमीच्या दृष्टीने हा केवळ वाहक बदलण्याचा प्रश्न नाही, हे पूर्ण जेवण बदलणे आहे. एचटी११५ खाणाऱ्या कृमींना ओपी५० खाणाऱ्यांपेक्षा ब-१२ जीवनसत्त्व जास्त मिळते. ब-१२ लागणारी विकरे कृमीत दोनच आहेत : एक तंतुकणिकेत प्रोपियोनेटचे विघटन पुढे नेते, दुसरे पेशीद्रवात मेथिओनिन तयार करते. मेथिओनिन चक्राचा संबंध मिथाइल गटांच्या देवघेवीतून थेट कोलिनशी येतो. आतड्यातील ब-१२ मुळे ॲसिटिलकोलिनचे संदेशवहन मंदावते आणि यामागे उपलब्ध कोलिनचे प्रमाण आहे, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसते. आमच्या चाचणीत मोजला जाणारा संदेश नेमका हाच आहे.

याचा अर्थ ओपी५० वर वाढवलेल्या उत्परिवर्ती कृमींची एचटी११५ वर वाढवलेल्या आरएनएआय कृमींशी तुलना करणे म्हणजे जनुक आणि आहार यांचा परिणाम एकात एक मिसळणे होय. यापुढे प्रत्येक तुलनेत दोन्ही बाजूंचे जीवाणू एकच असतील. उत्परिवर्ती वाणही रिकामा (कोणतेही जनुक न मंदावणारा) वाहक डीएनए असलेल्या एचटी११५ वर वाढवले जातील, आणि किमान दोन पिढ्या त्याच आहारावर गेल्यानंतरच चाचणीला घेतले जातील, कारण आईने अंड्यात भरलेला साठा पहिल्या पिढीला पुरतो. आतड्याची प्रत का हवी, याचेही उत्तर येथे आहे. अन्नातील रेणूंवर पहिला संस्कार आतड्यातील तंतुकणिका करतात आणि चेतापेशींना मिळणारे कोलिन त्यानंतरचे असते.

३ मार्च

चेतापेशींत आरएनएआय नीट पोहोचत नाही, ही या कृमीची जुनी अडचण आहे. बाहेरून आलेला दुपदरी आरएनए आत घेणारे एसआयडी-१ हे प्रथिन चेतापेशींत मुद्दाम तयार केले की त्या प्रतिसाद देऊ लागतात. असा वाण मागवला आहे.

११ मार्च

सूक्ष्मदर्शकाखाली कृमी स्थिर कसा ठेवायचा यावर आज चर्चा झाली. सर्वत्र वापरले जाणारे सोडियम अझाइड आमच्यासाठी वर्ज्य आहे, कारण ते श्वसनसाखळीचे चौथे संकुलच बंद करते. तंतुकणिकेचे चित्र घेण्याआधी तिला विष देण्यासारखे ते होईल. लेव्हामिसोल स्नायूंवरील ग्राहकांवर काम करते, त्यामुळे त्याचा वापर चाचणीशी गुंतागुंत निर्माण करतो. म्हणून दहा टक्के ॲगारोजच्या कडक थरावर अतिसूक्ष्म पॉलिस्टायरीन मण्यांचे द्रावण टाकून केवळ घर्षणाने कृमीला रोखण्याची पद्धत स्वीकारली. तिला सराव लागतो आणि काही कृमी निसटतात, पण चित्रातील तंतुकणिका जशी आहे तशीच असते, आणि या प्रकल्पात त्यापेक्षा मोलाचे काही नाही.

२४ मार्च

आरआयसी-७ या वाणावरील पहिली चाचणी पूर्ण झाली. तंतुकणिकांच्या आतापर्यंतच्या सर्व उत्परिवर्ती वाणांत श्वसनसाखळी बिघडलेली होती. या वाणात ती शाबूत आहे. बिघडले आहे ते वितरण. आरआयसी-७ नसताना तंतुकणिका पेशीकायेतून अक्षतंतूत जाऊच शकत नाहीत, हे २०१४ मध्ये दाखवले गेले. वाणाच्या नावातच आल्डिकार्बसारख्या विकररोधकांना दाद न देण्याचा गुण सांगितलेला आहे, आणि आमच्या प्लेटवरही तेच दिसले : एन२ ताठरल्यानंतर हे कृमी बराच वेळ हलत राहिले.

तरीही या निकालाचे साधे वाचन मी नाकारतो. ‘अक्षतंतूत तंतुकणिका नाहीत, म्हणून एटीपी नाही, म्हणून उत्सर्जन नाही’ ही साखळी आकर्षक असली तरी तिच्यातील मधला दुवा सिद्ध झालेला नाही. या वाणात पुटिकांतील लहान रेणूंपेक्षा न्यूरोपेप्टाइडांच्या (संदेश देणाऱ्या छोट्या प्रथिनतुकड्यांच्या) उत्सर्जनावर मोठा परिणाम होतो, असे २०१२ मधील काम सांगते. एटीपीचीच टंचाई असती तर आधी सतत चालणाऱ्या पुटिकांच्या चक्राला फटका बसायला हवा होता. शिवाय सिनॅप्सजवळ ऊर्जेची दुसरी वाट आहे. ऑक्सिजन कमी पडला की ग्लायकोलिसिसची (तंतुकणिकेबाहेर साखरेपासून एटीपी बनवणाऱ्या प्रक्रियेची) विकरे सिनॅप्सपाशी गोळा होतात आणि पुटिकांचे चक्र चालू ठेवतात, हे २०१६ मध्ये याच कृमीत दिसले. तंतुकणिका नसलेला अक्षतंतू लगेच निर्धन होतो असे गृहीत धरायला मी तयार नाही.

२ एप्रिल

चौथी शक्यता, म्हणजे तंतुकणिकेची रासायनिक खूण, आता गांभीर्याने घ्यावी लागेल. एआयवाय या चेतापेशीच्या अक्षतंतूतील तंतुकणिकांतून निघणारे हायड्रोजन पेरॉक्साइड एफएलपी-१ या न्यूरोपेप्टाइडचे उत्सर्जन वाढवते, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. श्वसनसाखळीतून निसटलेला सुपरऑक्साइड एसओडी-२ या विकरामुळे पेरॉक्साइडमध्ये बदलतो आणि तो रेणू बाहेर पडून उत्सर्जनाची यंत्रणा हलवतो. ज्याला आपण सवयीने श्वसनाचा टाकाऊ अंश म्हणतो तो येथे नेमकेपणाने वापरलेला संदेश आहे, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. आरआयसी-७ मध्ये न्यूरोपेप्टाइडांचे उत्सर्जन घटण्याचे हे एक सुसंगत स्पष्टीकरण होऊ शकते : अक्षतंतूत तंतुकणिका नाही, म्हणून तेथे पेरॉक्साइड नाही.

न्यूरोपेप्टाइड मोजण्याची सोयही या प्राण्यात सुंदर आहे. चकाकणारे प्रथिन जोडलेले पेप्टाइड देहगुहेत सुटले की सीलोमोसाइट नावाच्या सहा पेशी ते गिळतात. त्या पेशींची चकाकी मोजली की उत्सर्जनाचा अंदाज मिळतो.

१४ एप्रिल

कच्च्या मालाची शक्यता तपासण्यासाठी पोहण्याची चाचणी सुरू केली. कोलिन परत आत ओढणारे सीएचओ-१ हे प्रथिन नसलेले कृमी प्लेटवर जवळपास नेहमीसारखे चालतात, पण द्रवात सतत पोहावे लागले की लवकर थकून थांबतात. कोलिनचा साठा पुनर्वापराविना किती काळ पुरतो, हे त्यातून समजते. सीएचओ-१ च्या शेजारी जीएएस-१ आणि आरआयसी-७ ठेवून घसरणीचा आकार पाहायचा आहे. त्यानंतर एका प्लेटमध्ये कोलिन जास्तीचे देऊन तोच प्रयोग करायचा. मालाची टंचाई असेल तर कोलिनने घसरण सावरेल, ऊर्जेची असेल तर सावरणार नाही.

२८ एप्रिल

अंतराच्या प्रयोगाची आखणी पूर्ण झाली. मला या प्रकल्पातील सर्वांत निर्णायक प्रयोग हाच वाटतो, कारण त्यात तुलना दोन प्राण्यांत न होता एकाच प्राण्याच्या दोन बाजूंत होते. प्रेरक चेतापेशींच्या पेशीकाया पोटाकडील चेतारज्जूत असतात. व्हीए आणि व्हीबी या पेशींचे सिनॅप्स तेथेच, पेशीकायेपासून जवळ असतात. डीए आणि डीबी यांचा अक्षतंतू मात्र शरीराला वळसा घालून पाठीकडे जातो आणि सिनॅप्स तेथे बनवतो. आरआयसी-७ मध्ये तंतुकणिका पेशीकायेतच अडकलेल्या आहेत. तेथून एटीपी विसरणाने (आपोआप पसरत) येत असेल तर पाठीकडील सिनॅप्सना तो उशिरा आणि कमी मिळेल. पेरॉक्साइड वाटेतच नष्ट होणारा रेणू असल्याने त्याचा परिणाम पाठीकडे आणखी तीव्रपणे घटेल. ॲसिटिल-कोएचा पुरवठा बिघडलेला असेल, तर दोन्ही बाजूंना पुटिका रित्या असतील, पण त्यांच्या उत्सर्जनाचा आणि पुनर्ग्रहणाचा वेग शाबूत राहील.

वेग मोजण्यासाठी पुटिकेच्या आतल्या बाजूला आम्लसंवेदी चकाकणारे प्रथिन बसवलेला वाण वापरायचा आहे. पुटिका बंद असताना ते मंद असते, पटलाशी एकजीव झाल्यावर उजळते आणि परत आत ओढली जाऊन आम्लधर्मी झाल्यावर पुन्हा मंदावते. उजळणे आणि मंदावणे या दोन वेगांतून खर्चिक पायऱ्या वेगळ्या दिसतील. उत्तेजनासाठी चॅनेलऱ्होडॉप्सिन (प्रकाश पडला की चेतापेशीला उत्तेजित करणारे प्रथिन) आणि प्रकाश.

१२ मे

दुसरा वाण संकरासाठी ठेवला आहे : यूएनसी-११६ या वाहक प्रथिनाला तंतुकणिकेच्या बाह्य पटलावरील टॉम-७ जोडलेला संकरित रेणू आरआयसी-७ मध्ये घातला की तंतुकणिका जबरदस्तीने अक्षतंतूत ओढल्या जातात. आरआयसी-७ मध्ये इजा झाल्यावर अक्षतंतू वेगाने क्षीण होतात, आणि या युक्तीने ते वाचतात, हेही २०१४ च्या कामातच आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की यात आरआयसी-७ प्रथिन परत येत नाही, फक्त तंतुकणिका परत येते. त्यामुळे दोष आरआयसी-७ च्या दुसऱ्या एखाद्या कामाचा की तंतुकणिकेच्या अनुपस्थितीचा, हे वेगळे होईल. या संकरितात एसओडी-२ कमी केले तर तंतुकणिका जागेवर असूनही पेरॉक्साइड घटेल. ऊर्जा आणि खूण या दोन शक्यता तेथे एकमेकींपासून सुट्या होतात.

१९ मे

चित्रे घेण्याआधी अपेक्षा लिहून ठेवत आहे, म्हणजे पाहिल्यानंतर त्या बदलता येणार नाहीत. ऊर्जेची तूट असेल तर आरआयसी-७ मध्ये पाठीकडील सिनॅप्स पहिल्या उत्तेजनाला साथ देतील आणि पुढच्या उत्तेजनांत मंदावण्याचा वेग घसरेल. संकरित रेणूने हे सावरेल आणि एसओडी-२ कमी केल्याने बदलणार नाही. खुणेचा प्रश्न असेल तर लहान पुटिकांचे चक्र दोन्ही बाजूंना सारखे राहील, सीलोमोसाइटांची चकाकी घटलेली असेल, आणि संकरित रेणूने आलेली सुधारणा एसओडी-२ शिवाय नाहीशी होईल. कॅल्शियमचा प्रश्न असेल तर उत्सर्जन घडवणारे कॅल्शियम वेळेत आवरले जाणार नाही, म्हणून उजळणे थांबायला नेहमीपेक्षा वेळ लागेल, आणि तंतुकणिकेत कॅल्शियम घेणारे एमसीयू-१ नसलेल्या वाणातही तसेच दिसले पाहिजे. प्लेटवरील संकेताची यादी पाकिटात बंद करून सहकाऱ्याकडे दिली आहे. सर्व चित्रांचे मोजमाप संपल्यानंतरच ती उघडली जाईल. एमसीयू-१ चा वाण आज गोठवणपेटीतून काढून वाढीला लावला आणि पहिली चित्रे दोन पिढ्यांनंतर घेतली जातील.